आपल्या तोफगाडीला छप्पर हवे आहे : सर्व सभासद व हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्र घाईत लिहितो आहे, चुकले-माकले सांभाळून घ्यावे. कार्यकारिणीची बैठक काल रात्री उशिरा संपली. आवाहन आजच्या आज सर्वांकडे जायला हवे असे एकमताने ठरले. ठरवणारे घरी गेले आणि लिहायला चिटणीस उरला. तर मुद्दा असा, की आपली सेक्स्टन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली आपली तोफगाडी, ज्या आवारात उभी आहे ते आवार महिनाअखेर रिकामे करून द्यायचे आहे. नवी जागा मिळाली आहे, पण तिथे चार खांबांपलीकडे काही नाही.

‘सेक्स्टन कुठली? आपल्याकडे तर प्रीस्ट आहे ना?’ असे ज्यांच्या मनात आले त्यांनी गेल्या दोन्ही सर्वसाधारण सभा चुकवलेल्या आहेत. रागावत नाही, फक्त नोंदवून ठेवतो. त्यांच्यासाठी हकिगत पुन्हा सांगणे भाग आहे, आणि खरे म्हणजे ती सांगायला मला आवडतेही.

गाडी मंडळाच्या ताब्यात आली तेव्हा तिच्यासोबत एक पत्र्याची पाटी होती : ‘एम-७ प्रीस्ट, अमेरिकन बनावट’. पाटी रंगवलेली, अक्षर वळणदार, त्यामुळे शंका घ्यायचे कुणाला सुचले नाही. प्रीस्टच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यात मशीनगनसाठी एक गोल, उंच कठडा असतो. चर्चमध्ये प्रवचनाला उभे राहायच्या जागेसारखा तो दिसतो, म्हणून ब्रिटिश सैनिकांनी तिला ‘प्रीस्ट’, म्हणजे पाद्री, म्हणायला सुरुवात केली. आपल्या गाडीला हा कठडा नव्हता. आपण समजलो, भंगारवाल्यांनी कापून नेला असणार. नवा करून बसवायचे ठरले, पत्र्याचे माप घेतले गेले, वेल्डरला दिवससुद्धा सांगून झाला होता.

आणि मग आपले फिटरकाका (नाव छापलेले त्यांना खपत नाही, आणि कोण ते सर्वांना ठाऊक आहे) स्टिअरिंगचे दांडे हलतात का बघायला चालकाच्या जागेवर उतरले. पाच मिनिटे आतून नुसता हातोडीचा आवाज. मग आवाज बंद झाला आणि खालून प्रश्न आला, “अरे, मी उजवीकडे कसा काय बसलोय?”

प्रीस्टचा चालक डावीकडे बसतो आणि तोफ मध्यापासून उजवीकडे सरकलेली असते. आपल्या गाडीत नेमके उलटे. काकांनी तसेच वर येऊन कॅलिपर मागवला, नळीच्या तोंडाशी आतला व्यास मोजला आणि मडगार्डच्या धुळीवर बोटाने आकडा लिहिला : ८७.६. प्रीस्टची तोफ १०५ मिलिमीटरची. ८७.६ म्हणजे ब्रिटिशांची २५-पौंडी तोफ (नाव गोळ्याच्या वजनावरून). कठडा कुणी कापून नेलेला नव्हता. तो मुळात नव्हताच. वेल्डरला ‘येऊ नका’ म्हणून सांगायला मीच पळालो. एक दिवस उशीर झाला असता तर अस्सल सेक्स्टनची आपण आपल्या हाताने नकली प्रीस्ट केली असती.

या गाड्यांच्या नावांत एक गंमत आहे. ब्रिटिशांनी आपल्या स्वचालित तोफांना चर्चमधल्या पदांची नावे द्यायचा प्रघातच पाडला. ट्रकवर ६-पौंडी चढवलेली ती डीकन. व्हॅलेंटाइन रणगाड्याच्या सांगाड्यावर लोखंडी खोके ठेवून त्यात २५-पौंडी कोंबली ती बिशप. ही बिशप अगदीच अवघडलेली होती. खोक्यामुळे तोफेचे तोंड १५ अंशांहून वर जाईना, म्हणून ओढून न्यायची साधी २५-पौंडी जिथे १२ किलोमीटरवर मारा करी तिथे बिशपला सहा किलोमीटरदेखील पुरे गाठता येत नसत. तोफची बिचारे मातीचा उतार रचून गाडी त्यावर चढवत, म्हणजे नळी थोडी आणखी वर होई. १९४२ च्या ऑक्टोबरात इजिप्तमधल्या अल-अलामीनच्या लढाईत अमेरिकेकडून आलेल्या ९० प्रीस्ट उतरल्या आणि बिशपची अडचण सुटली. पण प्रीस्टला लागणारा १०५ चा दारूगोळा ब्रिटिशांच्या पुरवठ्यात बसेना. मग कॅनडाने आपल्या रॅम रणगाड्याचा सांगाडा घेऊन त्यावर २५-पौंडी बसवली. ती सेक्स्टन. सेक्स्टन म्हणजे चर्चची झाडलोट करणारा, घंटा वाजवणारा आणि थडगी खणणारा सेवक. १९४३ ते १९४५ मध्ये माँट्रियल लोकोमोटिव्ह वर्क्सने अशा २,१५० गाड्या बांधल्या. युद्धानंतर त्या पोर्तुगाल, दक्षिण आफ्रिका, भारत अशा कितीतरी सैन्यांत पुढे अनेक वर्षे राबल्या. आपली कुठून कशी फिरत आली, ते शोधणे हाच सध्या आपला अर्धा उद्योग आहे.

ओळख पटवायच्या कामात आपल्या मंडळाचा हात धरणारे फार थोडे, हे मी चिटणीस म्हणून नाही, साक्षीदार म्हणून सांगतो. एका प्रदर्शनात आर्चर ही ब्रिटिश तोफगाडी मांडली होती आणि तिचे तोंड भिंतीकडे होते. आर्चरची १७-पौंडी मुळात गाडीच्या मागच्या दिशेला रोखलेली असते. तोफेचे तोंड तेच गाडीचे तोंड, असे मांडणाऱ्यांनी धरून चालले होते. शिवाय तोफ मागे सरकली की तिचे बूड थेट चालकाच्या जागेवर येते, म्हणून गोळा सुटताना चालकाला तिथे बसता येत नसे. आपल्या शाळकरी सभासदाने हे सगळे तिथल्या व्यवस्थापकांना नम्रपणे समजावले. आता गाडी सरळ उभी आहे. आभाराचे पत्र आले नाही, चालायचेच. पुढे एका गंजलेल्या सोव्हिएत सांगाड्याचे फोटो आपल्याकडे आले. ‘आयएसयू-१५२’ असा दावा होता. नळी लांब आणि तोंडाला धक्का कमी करणारी टोपी (मझल ब्रेक) नाही, एवढ्यावरून आपल्या खजिनदारबाईंनी ती आयएसयू-१२२ असल्याचे चहा संपायच्या आत सांगितले. दोघींचा सांगाडा एकच असतो, त्यामुळे चूक समजण्यासारखी होती.

आता आपल्या गाडीबद्दल. मागच्या डेकवर बॅटऱ्यांची पेटी आणि चार्जिंगच्या छोट्या जनरेटरची जागा आहे, त्यावरून ती ‘सेक्स्टन-२’ ठरते. ओतीव भागांवर उठावाचे आकडे आहेत, ते आपल्या एका ताईंनी कागद ठेवून पेन्सिलीने घासून उतरवून घेतले आणि वहीत चिकटवले. पण खरा खजिना रंगाखाली होता. फिटरकाकांनी उजव्या बाजूला तळहाताएवढी जागा पाण्याच्या सॅंडपेपरने घासत नेली. वर करडा, त्याखाली हिरवा, मग पुन्हा हिरवा पण काळपट, आणि त्याच्या पोटातून पांढऱ्या रंगात ‘एस’ आणि मागोमाग तीन आकडे वर आले. ब्रिटिश नोंदणीत रणगाड्यांना ‘टी’ आणि स्वचालित तोफांना ‘एस’ अक्षर असे. पुढचे आकडे गंजाने खाल्ले आहेत. तोच क्रमांक डाव्या बाजूलाही असायला हवा होता, पण ती बाजू आपण घाईने सॅंडब्लास्ट करून घेतली होती. पहिल्याच महिन्यात, उत्साहाच्या भरात. फोटो न काढता. याची जबाबदारी कार्यकारिणीची, म्हणजे पर्यायाने माझीही. तेव्हापासून नियम आहे : आधी फोटो, मग घासणी, तीसुद्धा हाताने.

इंजिनाचीही एक जखम आहे. सेक्स्टनमध्ये कॉन्टिनेंटलचे आर-९७५ इंजिन असते. मूळ घराणे विमानाचे, नऊ सिलिंडर चांदणीसारखे गोलाकार मांडलेले, १८ स्पार्क प्लग, ४०० अश्वशक्ती. असे इंजिन बरेच दिवस उभे राहिले की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साठते. तेलाला दाबता येत नाही. म्हणून सुरू करण्याआधी मागून हँडल लावून ते हाताने फिरवायचे आणि अडले तर खालचे प्लग काढून तेल सांडू द्यायचे असते. आपल्याच एका सभासदाने पाहुण्यांसमोर थेट स्टार्टर दाबला. ‘टक्’ असा एक आवाज झाला. एक कनेक्टिंग रॉड वाकला. त्या सभासदाने नंतर चार रविवार स्वतः इंजिन खोलायला हात लावला, तेव्हा विषय संपला. पण अर्धा टन वजनाचे ते इंजिन आज लाकडी ओंडक्यांवर, ताडपत्रीखाली आहे.

इथवर जे झाले ते कुणामुळे झाले, हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. खाजगी वर्कशॉप चालवणाऱ्या आपल्या त्या स्नेह्यांनी साखळी-कप्पी आणि तिपाई दिली आणि अजून परत मागितलेली नाही. रबराच्या कारखान्यातल्या दादांनी बारा रोडव्हीलपैकी सात चाकांवर नवे रबर चढवून दिले. मजुरीचे विचारले तर म्हणाले, “गाडी चालेल त्या दिवशी मला वर बसवा.” निवृत्त शिक्षिका असलेल्या आपल्या काकूंनी आतल्या पोटात, गोळ्यांच्या कप्प्यांखाली, दीड महिना बसून गंजाचे पापुद्रे ब्रशने काढले. तिथेच त्यांना पितळेची, हिरवी पडलेली, तोफेच्या गोळ्याचा फ्यूज फिरवायची किल्ली सापडली. ती त्यांनी चिंच-मीठ लावून लख्ख न करता तशीच आणून दिली, याबद्दल त्यांचे दुहेरी आभार. आणि एक आजोबा दर महिन्याला पाकिटात घालून देणगी देत. पाकिटावर ‘ग्रीससाठी’ एवढेच लिहिलेले असे. ते आता नाहीत. त्यांच्या शेवटच्या पाकिटातल्या ग्रीसचा डबा अजून अर्धा आहे आणि तो जपून वापरतो आहोत.

आता थोडे कडू. मागच्या आवाहनाची पत्रे घरोघर गेली. आलेल्या उत्तरांत देणग्यांपेक्षा सूचना जास्त होत्या. ‘रणगाडा विकून टाका’ (तो रणगाडा नाही), ‘रंगवून चौकात ठेवा’, ‘गोळा उडतो का?’ वगैरे. गोळा उडत नाही. ब्रीच, म्हणजे गोळा भरायचे मागचे तोंड, वेल्ड करून कायमचे बंद आहे आणि तसेच राहणार आहे. मराठीत ‘स्वयंचलित तोफ’ लिहिले की ती आपोआप उडते असे लोकांना वाटते, म्हणून मी हल्ली ‘तोफगाडी’ लिहितो, तरी हा प्रश्न सुटत नाही. उद्घाटनाच्या दिवशी तोफेवर हात ठेवून फोटो काढणाऱ्यांची रांग होती. रांगेतल्या निम्म्यांनी जरी एकेक रविवार दिला असता तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. असो. लिहायचे नव्हते, लिहून गेलो.

छपराची एवढी घाई का, तर सेक्स्टन वरून उघडी असते. पडलेला प्रत्येक थेंब थेट आत जातो. तळातली निचऱ्याची भोके गंजाच्या चिखलाने पुन्हा बुजली आहेत. मागच्या पावसात घोट्याएवढे पाणी साचले आणि पुढच्या गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या शाफ्टखालून ते वाटीवाटीने उपसावे लागले. ताडपत्री दोनदा फाटली. काकूंनी दीड महिना बसून साफ केलेल्या जागेवर पुन्हा लाल थर धरला आहे. अजून एक वर्ष उघड्यावर गेले तर तळाचा पत्रा टिकेल असे फिटरकाका म्हणत नाहीत, आणि उगीच बोलायची त्यांना सवय नाही.

म्हणून मागणे हे : छपराचे पत्रे व लोखंडी कैच्या (जुन्या चालतील, भोके नसावीत), गाडी हलवायला लोबेड ट्रेलर व क्रेन, वजन सुमारे २५ टन धरावे, ओळखीतून भाड्यात सवलत मिळाल्यास उत्तम, उरलेल्या पाच चाकांचे रबर, कनेक्टिंग रॉड व गॅस्केटसंबंधी माहिती असणाऱ्यांनी स्वतः संपर्क साधावा, रोख देणगी कितीही, पावती खजिनदारबाईंकडूनच घ्यावी, खाते क्रमांक पावतीपुस्तकाच्या मागे आहे, ऑनलाइन पाठवल्यास ‘छप्पर’ असा उल्लेख करावा नाहीतर रक्कम वर्गणीत धरली जाते. श्रमदान दर रविवारी सकाळी, नेहमीच्या वेळी, जुन्या आवारात. गाडी हलेपर्यंत तिथेच. जाड बूट, हातमोजे, मास्क आणणे सक्तीचे. ब्रेकच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असू शकते आणि जुन्या चकाकणाऱ्या डायलवर रेडियमचा रंग, त्यामुळे ही दोन्ही कामे फक्त काका सांगतील तीच मंडळी करतील. लहान मुलांना सोबत आणल्यास दोरीच्या बाहेर ठेवावे. कागदपत्रे, जुने फोटो, कुणाच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत तोफखान्यातले काही असेल तर ते देऊ नका, फक्त दाखवा. आम्ही फोटो काढून परत करू. क्रमांकाचे उरलेले आकडे कुठल्या तरी फोटोत असतील ही आशा अजून सोडलेली नाही.

आपला नम्र,
चिटणीस (कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. : मागच्या रविवारी कुणीतरी अर्ध्या इंचाचा लांब सॉकेट चुकून घरी नेला आहे. देणगी नाही दिली तरी चालेल, तो मात्र आणून द्यावा. रोडव्हीलचे काम त्याच्यावाचून अडले आहे.