मांडीवर बसेल तो घे

पुणे,
२ डिसेंबर २०२५

प्रिय सुध्या,

नव्या लॅपटॉपसाठी पाठवलेले तुझे पाच फोटो आणि त्याखालचा एका ओळीचा प्रश्न मिळाला : "यातला कुठला घेऊ ते सांग, डोकं चालेनासं झालंय." उत्तर देतोच, पण आधी दुसरंच. जाता जाता तू लिहिलंयस की जुन्या लॅपटॉपचं टचपॅड फुगलंय, दाबलं जात नाही आणि झाकण लावलं तरी एका कोपऱ्यात फट राहते. अरे, टचपॅड फुगत नाही, त्याच्याखालची बॅटरी फुगते. लिथियमची बॅटरी म्हातारी झाली की तिच्यात वायू धरतो, ती पुरीसारखी टम्म होते आणि वरच्या पत्र्याला ढकलायला लागते. तेव्हा पत्र बाजूला ठेव, चार्जर काढ आणि मशीन बंद कर. टचपॅड अंगठ्याने दाबून बसवायला जाऊ नकोस. रत्नागिरीतल्या एखाद्या नीट दुरुस्तीवाल्याकडून ती बॅटरी काढून घे आणि उकिरड्यावर टाकू नकोस. इथल्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, माझ्या डोळ्यांदेखत एका पोराने अशीच फुगलेली बॅटरी स्क्रूड्रायव्हरने उचकटली होती. पुढची दहा मिनिटं आम्ही सगळे गिऱ्हाईक, मालक, शेजारचा चहावाला धूर निवळायची वाट बघत गल्लीत उभे.

काढलास चार्जर? मग पुढे वाच.

नवी बॅटरी घालून तोच ओढावा का, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. तू कोकणस्थ, मी ओळखून आहे. ओढू नये. २०१५ चा पाचव्या पिढीचा आय-थ्री आहे तो. विंडोज १० ची विनामूल्य देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबरला थांबवली आणि विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. दहा वर्षं तुझ्या नियतकालिकाचे अंक काढून दिलेत त्याने, आता सोड त्याला. फक्त आतली हार्ड डिस्क काढून घे. चार-पाचशेच्या केसिंगमध्ये घातली की ती बाहेरून लावता येते आणि जुने अंक जिथल्या तिथे राहतात.

आता तुझे फोटो. कीबोर्ड-कव्हरवाला टॅबलेट, क्रोमबुक, पूर्ण उलटा वळणारा लॅपटॉप, तुझ्या भाच्याने सुचवलेला तो काळाकभिन्न गेमिंगवाला, आणि मॅकबुक एअर. पाचही चांगली यंत्रं आहेत. तू मात्र ती खुर्चीत बसून, टेबलावर ठेवून बघतोयस. तू टेबलावर काम कधी करतोस रे? मी देवरुखला आलो तेव्हा बघितलंय. सकाळी ओटीवरच्या झोपाळ्यावर, दुपारी स्टाफरूमच्या बाकावर, आणि अंकाच्या दिवसांत कोल्हापूरच्या एसटीत, आंबा घाट लागेपर्यंत. दिवसभरात तुझ्यासमोर टेबल येतं ते फक्त छापखान्यात, आणि त्यावर प्रेसवाल्याचा डबा असतो. लॅपटॉप म्हणजे मांडीवरचा, हे आपण विसरूनच गेलोय.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी मीही मोहात पडून तसलाच एक टॅबलेट घेतला, पाठीमागे घडीचा टेकू आणि पुढे चुंबकाने चिकटणारा पातळ कीबोर्ड. घरात बघताना काय देखणा! सांगलीला एका पुस्तकाची शेवटची प्रुफं घेऊन निघालो, कोयना एक्स्प्रेसमध्ये खिडकीपाशी बसलो आणि उघडला. टेबलावर हे यंत्र टेकूवर उभं राहतं, पण मांडीवर टेकू ठेवायचा कुठे? गुडघ्यापासून पोटापर्यंत जेवढी जागा तेवढी त्यालाच लागली, टेकूची धार पँटमधून रुतायला लागली आणि कीबोर्ड दोन मांड्यांच्या मधे झोळीसारखा लोंबला. पाय जवळ घ्यावेत तर पडदा पुढे येतो, लांब करावेत तर मागे जातो. जेजुरीच्या पुढे चहावाला आला, मी पाय आखडले, आणि पडदा समोरच्या आजींच्या डब्यात पालथा. पिठल्यात. आजी काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या, ते जास्त लागलं. लॅपटॉपची बिजागरी म्हणजे काय चीज आहे ते मला त्या दिवशी कळलं. वजन सगळं खालच्या अंगात आणि पडदा हलका, म्हणून तो मांडीवर टिकतो. टेकूवाल्यात उलटं असतं, सगळा जीव वरच्या पाटीत आणि खाली नुसता पुठ्ठा. शिवाय टॅबलेट म्हणून अर्ध्या किलोचा दिसतो, पण बरा कीबोर्ड लावलास की किलोच्या घरात जातो. मग मिळवलं काय?

तरी टॅबलेट बाद करण्याचं माझं खरं कारण वेगळंच आहे : तुझ्या जुन्या फायली. १९९८ पासूनचे अंक श्रीलिपीच्या फॉन्टात आणि पानं लावायच्या पेजमेकर या प्रोग्रॅममध्ये आहेत. त्या काळी युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची एकच पद्धत, आपल्यापर्यंत पोचलं नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरं भाड्याने ठेवली होती. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रात फाईल उघडली की भाडेकरू गायब, घरमालकांच्याच पाट्या. अण्णांचा तो भातशेतीवरचा लेख मी टॅबलेटवर उघडला होता. पहिल्या ओळीत दोन डॉलर, तीन कंस आणि डोक्यावर टोपी घातलेला एक 'ए'. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. आपल्याकडचे कितीतरी छापखाने अजून तिलाच धरून आहेत, तुझा कोल्हापूरचाही. ती टॅबलेटवर चालत नाही, क्रोमबुकवर नाही, आजच्या मॅकवरही नाही. तिला विंडोज लागतं.

त्यामुळे मॅकबुक एअरचं फार वाईट वाटतं मला. माझ्या पुतणीकडे आहे. २०२० च्या एम-वन या ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरपासून त्याला पंखाच नाही, आवाज शून्य, आणि तिचा चार्जर दिवसदिवस पिशवीतून निघत नाही. पण पूर्वीच्या इंटेलवाल्या मॅकवर बूट कॅम्प लावून सरळ विंडोज चढवता यायचं, ते आता बंद झालं. विंडोज आतल्या आत चालवायच्या युक्त्या आहेत, पण तू आणि युक्त्या! अंकाच्या आदल्या रात्री मला दोन वाजता फोन येईल.

दुकानदार आणखी एक दाखवेल, स्नॅपड्रॅगनवाला विंडोज लॅपटॉप. बॅटरी उत्तम, वजन कमी, आणि विंडोज ११ च. इथे फसशील. त्यातला प्रोसेसर एआरएम जातीचा आहे, फोनमध्ये असतो तसा. इंटेलसाठी लिहिलेले बरेच प्रोग्रॅम तो दुभाषा लावून चालवतो, पण ड्रायव्हरला, म्हणजे जोडलेलं उपकरण ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला, दुभाषा चालत नाही, त्याच्याच भाषेतला लागतो. तुझ्या मराठी सॉफ्टवेअरचं ते यूएसबीचं डोंगल आहे ना, दोऱ्याला बांधून गळ्यात घालतोस ते? त्याचा ड्रायव्हर जुन्या इंटेल विंडोजसाठीचा. डोंगल ओळखलं नाही की सॉफ्टवेअर उघडतच नाही. तेव्हा प्रोसेसर इंटेल नाहीतर एएमडी कंपनीचा. आणि मशीनला डोंगल बसेल असं जुन्या रुंद आकाराचं निदान एक यूएसबी भोक हवं. हल्ली पातळपणाच्या नादात ती भोकंच काढून टाकतात.

क्रोमबुकबद्दल थोडक्यात : मुलांच्या अभ्यासाला झकास, आणि २०२१ पासूनच्या मॉडेलांना गूगल दहा वर्षं अपडेट देतं. पण तुमच्याकडे श्रावणात रेंज झाडावर चढून शोधावी लागते. शिवाय वर लिहिलं ते आहेच.

आणि भाच्याला सांग, गेमिंगवाला त्याने घ्यावा. सव्वादोन-अडीच किलोचं धूड आणि वर विटेएवढा चार्जर. ती वीट झोपाळ्यावर कुठे ठेवशील? प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एक अक्षर असतं, ते बघायला शीक. 'एच' म्हणजे खादाड, इंटेलच्या हिशेबाने ४५ वॉटचा. 'यू' म्हणजे १५ वॉटचा, मिताहारी. लिहिणं आणि पानं लावणं याला 'यू' पुरून उरतो. बॅटरीचंही तसंच, जाहिरातीतले तास वाचू नकोस, वॉट-अवर वाच. ५० वॉट-अवरची बॅटरी आणि लिहिताना मशीन सरासरी ८ वॉट खात असेल तर सहा तास. साधा भागाकार आहे, गणित शिकवतोस तू.

हसू नकोस, पण लहान मशीनचंही वेड मला लागून गेलंय. २००९ मध्ये मी एक नेटबुक घेतलं होतं, दहा इंची. पडद्याची उंची ६०० ठिपके. काही प्रोग्रॅमच्या चौकटी त्याहून उंच असायच्या, त्यामुळे खालचं 'ओके'चं बटण पडद्याच्या बाहेर, पाताळात. मी अंदाजाने टॅब मोजायचो आणि एंटर मारायचो. एकदा एक टॅब चुकला आणि 'ओके'च्या जागी 'कॅन्सल' होऊन चाळीस पानांची अनुक्रमणिका गेली. आणि दुसऱ्या टोकाला १९८१ चा तो ऑस्बॉर्न, नेता येण्याजोग्या संगणकांतला बाजारात चांगला खपलेला पहिला. शिलाई मशीनएवढा, अकरा किलोच्या आसपास, पाच इंची पडदा. लोक तो विमानातून न्यायचे म्हणे! आपल्या मास्तरांनी गॅदरिंगला हार्मोनियम नेली तसंच.

मग घ्यायचं काय? चौदा इंची, साध्या बिजागरीचा, इंटेल किंवा एएमडीवाला, दीड किलोच्या आतला. उलटा वळणारा मिळाला आणि भाव तोच असला तर हरकत नाही, पण त्या वळण्यासाठी पाच-सात हजार जास्त मोजू नकोस. तू तो पहिले चार दिवस शेजाऱ्यांना उलटा करून दाखवशील आणि नंतर कधीच वळवणार नाहीस. पंधरा इंचीच्या वाटेलाही जाऊ नकोस. त्यात उजवीकडे आकड्यांचा पट्टा असतो, त्यामुळे अक्षरांचा कीबोर्ड डावीकडे सरकतो आणि मांडीवर घेतलास की तू तरी तिरका बसतोस नाहीतर मशीन तरी.

पडद्याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. १६:९ च्या रुंद पडद्यात उभे १०८० ठिपके असतात, १६:१० प्रमाणाच्या पडद्यात १२००. इंग्रजीवाल्याला त्याचं काही नाही. आपल्या ओळीला वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार-ऊकार, त्यामुळे दोन ओळींत श्वास घ्यायला जागा लागते. त्या १२० ठिपक्यांत मराठीच्या चार ओळी जास्त दिसतात, मी मोजल्यात. उजेड २५० निट्स लिहिला असेल तर ओटीवर तुला स्वतःचंच तोंड दिसेल. ३०० च्या वर बघ. आणि "४५ टक्के एनटीएससी" असं बारीक अक्षरात असेल, म्हणजे रंग कमी दिसत असतील, तर सोडून दे, मुखपृष्ठावरचा शेंदरी रंग तुला विटकरी दिसेल आणि तू चित्रकाराशी भांडशील.

रॅम १६ जीबी. ८ वर भागतं असं दुकानदार म्हणेल, त्याला विचार की पुढे वाढवता येईल का. हल्ली ती बऱ्याच मशीनमध्ये बोर्डवरच डाग देऊन जोडलेली असते, जी घेतली ती घेतली. चार्जिंग टाइप-सीवर होणारं घे. म्हणजे वीज गेली की, म्हणजे रोजच, ६५ वॉटच्या पॉवर बँकेवरही मशीन तगेल.

तुझे पंचावन्न हजार थोडे खालीवर करून हे नवंच बसेल. नाही बसलं तर कंपन्यांनी वापरून काढलेले, दुरुस्त करून विकतात ते लेनोव्होचे थिंकपॅड किंवा डेलचे लॅटिट्यूड बघू. बाराव्या पिढीच्या आसपासचा मिळाला तर मी स्वतः नव्या स्वस्त मशीनपेक्षा तो घेईन. त्यांचा कीबोर्ड हातोडीसारखा दणकट असतो. फक्त बॅटरी नवी घालून घ्यायची.

आणि कीबोर्ड बोटांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. तुझ्या जुन्याचं 'डी'चं बटण आठव. त्यावरचं अक्षर पार पुसलंय, बाकीची शाबूत. इनस्क्रिप्ट या आपल्या मराठी कीबोर्डच्या मांडणीत हलन्त तिथेच आहे ना, जोडाक्षर आलं की पाय मोडायला डी. दुकानात उभ्याने नको, सरळ खुर्चीत बस, मशीन मांडीवर घे आणि "राष्ट्रीयत्वाच्या दृष्टिकोनातून" पाच वेळा टंक. लोक बघतील, बघू देत. मनगट दुखलं, पडदा डुलला किंवा बूड तापलं तर उठ आणि चालू लाग.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी मी येतोय. आपण रत्नागिरीला जाऊन दोघं मिळून बघू, तोवर ऑनलाईन काही दाबून बसू नकोस. येताना ते केसिंग मी इथूनच आणतो. काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना सांग की या खेपेला मुक्काम दोन दिवस आहे आणि कुळथाचं पिठलं चालेल. हो, त्या आजी आठवल्या तरी चालेल.

चार्जर खरंच काढलास का, तेवढं आज रात्री कळव.

तुझा,
बापू