फॉरेस्ट पार्कातल्या इमारती गेल्या कुठे?

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबांनी विचारलं होतं, अमेरिकेतल्या सेंट लुई शहराच्या फॉरेस्ट पार्क या बागेत एवढं जागतिक प्रदर्शन भरलं, तर त्यातलं आता काहीच कसं दिसत नाही? फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

अमेरिकेने १८०३ साली फ्रान्सकडून लुइझियाना हा प्रदेश विकत घेतला, त्याच्या शताब्दीचं हे प्रदर्शन. कामं रखडली आणि ते वर्षभर उशिरा, ३० एप्रिल १९०४ ला उघडलं. १ डिसेंबरला संपलं. बाराशे एकरांवर महाल उभे केले ते जेमतेम सात महिन्यांसाठी. त्यामुळे लाकडी सांगाडा आणि वर 'स्टाफ': प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये तागासारखे धागे घालून साच्यात ओतलेले तुकडे, खिळ्यांनी ठोकलेले. आपल्याकडे पीओपीच्या गणपतीत काथ्या घालतात, तसंच. दिसायला संगमरवर, पण त्यात पाणी मुरतं, थंडीत गोठून फुगतं आणि तडे जातात. प्रवेशद्वाराजवळचा संत लुईचा अश्वारूढ पुतळाही स्टाफचाच होता. आज बागेतल्या टेकडीवर दिसतो तो १९०६ चा कांस्य पुतळा. चित्रं मात्र आगीच्या भीतीने लाकडी महालात ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून कॅस गिल्बर्ट या वास्तुकाराने त्यांच्यासाठी पक्की इमारत बांधली. तेच आजचं कलासंग्रहालय.

खरी पंचाईत पाण्याची होती. टेकडीवरून धबधबे सोडायचे आणि शहराच्या नळाला येतं मिसिसिपीचं गढूळ पाणी! नुसतं साठवून गाळ बसत नव्हता, कारण चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना दूर लोटत पाण्यात तरंगत राहतात. आई, तू तुरटी फिरवायचीस ना, त्याच जातीचा उपाय पाणीखात्यातल्या जॉन विक्सफर्ड या रसायनज्ञाने केला: फेरस सल्फेट आणि चुना. दोन्ही मिळून लोहाचा चिकट साका होतो, कण त्याला चिकटतात आणि जड होऊन तळाशी बसतात. २१ मार्च १९०४ ला स्वच्छ पाणी आलं, म्हणजे उद्घाटनाला उरले होते ४० दिवस. माझ्या मते प्रदर्शनातून शहराला मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

सगळंच मिरवण्यासारखं नव्हतं. ४७ एकरांत फिलिपिन्सची हजारावर माणसं 'गावं' वसवून बघ्यांसमोर मांडली होती. ते वाचताना लाजच वाटते.

आणि आई, आइस्ड टी इथेच जन्मला असं सांगतात, ते खरं नाही. १८७९ च्या एका अमेरिकन पाकपुस्तकात त्याची कृती आहे. इथे तो गाजला, इतकंच.

शिकागोहून आणलेला २६४ फुटी आकाशपाळणा ११ मे १९०६ ला सुरुंगाने पाडला. पक्ष्यांचा पिंजरा मात्र आहे: २२८ फूट लांब, ५० फूट उंच. शहराने तो ३,५०० डॉलरला घेतला आणि पुढे त्याच्याभोवती प्राणिसंग्रहालय उभं राहिलं. तिथे आणि कलासंग्रहालयात प्रवेश फुकट आहे. आलात की आधी टेकडीवर गाडीने जाऊ, म्हणजे बाबांच्या गुडघ्यांना चढ लागणार नाही.

तुमची,
लेक