अळ्यांची तपासणी हिवाळ्यातही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरून थंडी पडली की डास गेले, असं आम्ही सातारकर धरूनच चालतो. शाळेत विज्ञान शिकवत होतो तेव्हा मीही तसंच समजायचो. गेल्या डिसेंबरात अंगणातल्या बॅरलमधून तांब्या भरला, तर पाण्यात अळ्या वळवळत होत्या. त्या बरणीत ठेवून तोंडाला मलमल बांधली. मे महिन्यात आठवड्याभरात डास होऊन उडतात. या वेळी अठरा दिवस लागले. पण उडाले, आणि पायांवर पांढरे पट्टे होते. डेंग्यूवालेच.

डेंग्यूच्या रुग्णाला चावलेली मादी लगेच रोग पसरवत नाही. हवा २५ ते २८ अंशांची असेल तर विषाणू तिच्या लाळेत उतरायला साधारण ८ ते १२ दिवस घेतो. गारठ्यात हे दिवस इतके वाढतात की तोवर बहुतेक माद्या मरून जातात. हिवतापाचे जंतू तर १५-१६ अंशांखाली डासात वाढतच नाहीत. महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्याला थंडीत राखण आहे ती एवढीच, आणि पारा चढला की ती सुटते. इथिओपिया आणि कोलंबियाच्या डोंगरांत उष्ण वर्षी हिवताप अधिक उंचावरच्या गावांत पोचतो, हे २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं.

फार उष्णताही डासांना सोसत नाही. ३५ अंशांपुढे ते लवकर मरतात. म्हणून जत-आटपाडीकडे उन्हाळ्यात निर्धास्त राहावं, असं मात्र नाही. डास उन्हात बसतोच कशाला? तो माठाआड, पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे बसतो. टँकरची वाट बघणाऱ्यांना पाणी साठवावंच लागतं, त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांना घट्ट झाकणं आणि अळ्या खाणारे गप्पी मासे पुरवावेत.

आमच्या भागात रुग्ण सापडल्यावर धुराची गाडी फिरते. धुराने उडते डास मरतात, बॅरलमधल्या अळ्या तशाच राहतात. घरोघरची तपासणी नोव्हेंबरनंतर बंद होते. ती डिसेंबर-जानेवारीतही चालू ठेवावी, डोंगरावरच्या वाड्या-वस्त्यांवरही न्यावी आणि आशाताईंना त्या कामाचा वेगळा मोबदला मिळावा. कोरडा दिवस, म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी ठेवण्याचा दिवस, पाळताना बॅरल नुसता ओतून भागत नाही, हेही लोकांना दाखवून द्यायला हवं. आतल्या कडेला चिकटलेली अंडी पाण्यावाचून काही महिने तग धरतात. काथ्याने घासली तरच ती निघतात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा