सांडशी ‘सांडण्या’वरून आलेली नाही

महोदय,

भांडे चुलीवरून उतरवताना आतले सांडू नये म्हणून ती ‘सांडशी’, अशी व्युत्पत्ती आपल्या पुरवणीतील पाककृतींच्या सदरात वाचली. ती गमतीदार असली तरी ग्राह्य नाही. या शब्दाचे मूळ संस्कृत ‘संदंश’ हे असून त्यात ‘दंश्’ म्हणजे चावणे हा धातू आहे; दोन्ही बाजूंनी एकत्र चावा घेऊन धरते ते साधन म्हणजे संदंश. पालीत याचे रूप ‘सण्डास’ असे होते (आजच्या त्याच उच्चाराच्या शब्दाशी त्याची गल्लत करू नये), म्हणजे ‘द’चा ‘ड’ मराठीच्या कितीतरी आधीच झालेला होता. हिंदीतील ‘सँड़सी’ आणि गुजरातीतील ‘साणसी’ ही याच कुळातली भावंडे.

विशेष म्हणजे सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माच्या 101 यंत्रांचे जे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांतील एक संदंशयंत्र हा असून त्याचे दोन भेद दिले आहेत. त्वचा, मांस, शिरा व स्नायू यांत रुतलेले शल्य ओढून काढण्यासाठी ते वापरीत. लोहाराच्या भट्टीपाशीही हेच नाव चालत आले. स्वयंपाकघरातील ‘पकड’ हा पर्याय सोयीचा खरा, पण ‘सांडशी’ला हद्दपार करण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

– एक वाचक, सातारा