चंगाई सभेत पश्चात्ताप कोणी करायचा?

महोदय,

नागपूर परिसरात भरणाऱ्या चंगाई सभांवर, म्हणजे आजारी बरे व्हावेत म्हणून होणाऱ्या ख्रिस्ती प्रार्थनासभांवर, एरवी बाहेरचेच लोक टीका करतात, आणि तीही फसवणूक किंवा धर्मांतर या दोनच अंगांनी. मी मंडळीतला, म्हणजे चर्चचा माणूस असून आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी असे मानणारा आहे. माझी हरकत निराळीच आहे.

अशा एका सभेत सिकलसेलच्या कळांनी कण्हणाऱ्या एका मुलीला पुढे आणले होते. प्रार्थनेनंतरही कळा थांबेनात, तेव्हा वक्त्यांनी ध्वनिक्षेपकावरूनच तिच्या आईला विचारले, "कोणाविषयी मनात अढी आहे का?" दिरांनी शेतीचा हिस्सा दाबल्याचे तिने रडत सांगितले. "त्यांना क्षमा करा, मुलगी बरी होईल," असे उत्तर मिळाले आणि सभेने हालेलुयाचा गजर केला.

सिकलसेल हा आईवडिलांकडून जनुकांतून येणारा आजार आहे, हे विदर्भात तरी वेगळे सांगायला नको. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी येशूला नेमके हेच विचारले होते, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? दोघांचेही नाही, असे त्याने सांगितल्याचे बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आहे. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितले आहे, पण त्याने पाप केलेच असेल असे तिथे गृहीत धरलेले नाही. शिवाय पापे एकमेकांजवळ कबूल करायची आहेत, म्हणजे प्रार्थना करणाऱ्यानेही. ध्वनिक्षेपकावरून ते कधी ऐकू आलेले नाही.

आता क्षमेचे. वधस्तंभावरून येशूने मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली हे खरे, पण ती त्याने आपणहून मागितली. दुखावलेल्या माणसाला आजाराची भीती घालून ती वदवून घेतली नाही. उलट जकातदार जक्कयाने पश्चात्ताप केला तो लुबाडलेले चौपट परत करण्याचा शब्द देऊन, आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीजवळच ठेवून आधी समेट कर, ही डोंगरावरच्या प्रवचनातली आज्ञाही अर्पण घेऊन आलेल्यालाच आहे. आपल्या सभांतून मात्र पश्चात्तापाचा सगळा भार आजारी आणि नाडलेल्या माणसावर येतो, आणि नाडणारा घरी निवांत असतो.

औषधांबद्दल फार लिहीत नाही. स्कॉटिश मिशनऱ्यांनी सीताबर्डीत रुग्णालय चालवले, ते काही प्रार्थनेवरचा विश्वास उडाला म्हणून नव्हे. त्या मुलीच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या कोणाच्याही सांगण्यावरून बंद होऊ नयेत, एवढे आयोजकांनी व्यासपीठावरून स्पष्ट सांगितले तरी पुरे.

राहिला त्या आईचा प्रश्न. तिचे दीरही मंडळीचेच सभासद आहेत. तिला क्षमेचा उपदेश करण्यापूर्वी पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) एकदा दिरांच्या घरी जाऊन सातबाऱ्याचा विषय काढावा, अशी माझी विनंती आहे.

— एक ख्रिस्ती वाचक, नागपूर