विधी ग्रंथालयाचे देवघेव नियम संमतीविना बदलल्याबद्दल आणि डेटाबेसचा प्रवेश बंद पडल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(ग्रंथालय प्रणाली व विधी डेटाबेस)

विषय : नवी आवृत्ती चढवताना पुसला गेलेला नियमांचा तक्ता पूर्ववत करणे, चुकीचा दंड रद्द करणे आणि डेटाबेसचा प्रवेश सुरळीत करणे.

महोदय,

आपल्या कंपनीची ग्रंथालय प्रणाली आणि विधी डेटाबेस, दोन्ही आमच्या विद्यापीठाच्या विधी ग्रंथालयात वार्षिक कराराने चालतात. गेल्या महिन्यात नवी आवृत्ती चढवताना आपल्या तंत्रज्ञांनी आमचा देवघेव नियमांचा तक्ता पुसला आणि त्या जागी आपला तयार तक्ता बसवला. त्याआधी आम्हाला विचारले नाही, नंतर कळवलेही नाही. मदतकक्षाकडे तीन वेळा तक्रार नोंदवली. तिन्ही वेळा ‘प्रणाली व्यवस्थित चालू आहे’ असे उत्तर देऊन ती बंद करण्यात आली. प्रणाली चालू आहे हे खरे, पण ती ग्रंथालय समितीने मंजूर केलेल्या नियमांनी चालत नाही. म्हणून हे सविस्तर पत्र.

मूळ दोष कुठे आहे ते आधी सांगतो. आमच्या तक्त्यात उभ्या बाजूला वाचकांचे प्रकार होते : तीन वर्षांचा आणि पाच वर्षांचा अभ्यासक्रम, एलएलएम, संशोधक, अध्यापक, माजी विद्यार्थी, बाहेरचे वकील. आडव्या बाजूला ग्रंथांचे प्रकार होते : क्रमिक पुस्तक, बुक बँक, टीकाग्रंथ (कायद्यावरची भाष्ये), संदर्भ, लॉ रिपोर्ट (न्यायालयीन निवाड्यांचे छापील संग्रह), रात्रीपुरते. ग्रंथ देताना प्रणाली आधी नेमक्या जोडीचा नियम शोधते. तो नसेल तर त्या वाचकाचा सर्वसाधारण नियम पाहते, मग ग्रंथप्रकाराचा, आणि काहीच हाती लागले नाही तर तळाचा ‘सर्व वाचक, सर्व ग्रंथ’ हा नियम लावते. हा तळाचा नियम आम्ही मुद्दाम ० ग्रंथ, ० दिवस असा ठेवला होता. एखाद्या ग्रंथाचा प्रकार नोंदवायचा राहिलाच, तर तो बाहेर जाऊ नये, काउंटरवर अडावा, यासाठी. आपल्या तयार तक्त्यात तिथे ३ ग्रंथ, १४ दिवस आहेत. शिवाय ‘संदर्भ’, ‘लॉ रिपोर्ट’ आणि ‘रात्रीपुरते’ हे तीन प्रकार नव्या आवृत्तीत ‘पुस्तक’ या एकाच प्रकारात मिसळले गेले.

परिणाम पहिल्याच आठवड्यात दिसला. खंडावर ‘संदर्भ, बाहेर नेऊ नये’ असा लाल शिक्का असतो, पण स्वयंदेवघेव यंत्र शिक्का वाचत नाही. ते ग्रंथावरच्या आरएफआयडी टॅगमधला (रेडिओलहरींनी वाचता येणाऱ्या पट्टीतला) क्रमांक वाचते आणि प्रणालीला विचारते. तळाच्या नव्या नियमाने प्रणाली होकार देते, टॅगची सुरक्षा खूण बंद होते, मग दारातले गेटही वाजत नाही. बाहेरच्या वकिलांना आमच्याकडे फक्त बसून वाचण्याची परवानगी आहे, पण तळाच्या नियमामुळे त्यांच्या कार्डावरही खंड गेले.

लॉ रिपोर्टचा खंड घरी देत नाही, यामागे आमचा हट्ट नाही. क्रमिक पुस्तक एका वेळी एकच जण वाचतो आणि त्याच्या चार प्रती तरी असतात. लॉ रिपोर्टच्या एका बांधीव खंडात शेकडो निवाडे असतात आणि प्रत एकच असते. एकाने एका निवाड्यासाठी खंड १४ दिवस नेला की बाकीचे सगळे निवाडे सर्वांसाठी १४ दिवस बंद. मनेका गांधी खटल्याचा निवाडा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ (एआयआर) या मालिकेत एआयआर १९७८ एससी ५९७ असा उद्धृत केलेला असतो, तोच ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ (एससीसी) या दुसऱ्या मालिकेत (१९७८) १ एससीसी २४८ असा. पृष्ठे वेगळी, शीर्षटिपा (निवाड्याच्या वर संपादकांनी दिलेला सारांश) वेगळ्या. मूट कोर्टच्या (विद्यार्थ्यांच्या सरावाच्या न्यायालयाच्या) लेखी युक्तिवादात एआयआरचे पान दिलेले असेल, तर ते पडताळायला एआयआरचाच खंड लागतो, शेजारच्या मालिकेवर काम भागत नाही. शिवाय निवाडा वाचणे ही एकट्या खंडाची गोष्ट नसते. केशवानंद भारती (एआयआर १९७३ एससी १४६१) समोर ठेवले की त्यात उल्लेखलेले आधीचे आणि त्याला अनुसरणारे नंतरचे निवाडे लागतात. टेबलावर सहा खंड उघडे असतात, त्यातला एक गायब झाला की साखळी तुटते.

‘रात्रीपुरते’ प्रकाराचेही तसेच झाले. एकुलती प्रत असलेले टीकाग्रंथ आम्ही शेवटच्या तासाभरात देतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १०.३० पर्यंत परत घेतो. फोर्टमधल्या कार्यालयांत दिवसभर इंटर्नशिप करून संध्याकाळी येणाऱ्या आणि पुढे विरार किंवा कल्याणची गाडी पकडणाऱ्या विद्यार्थ्यांना याच सोयीचा खरा आधार असतो. यासाठी मुदतीचे एकक ‘तास’ असावे लागते. आपण ते ‘दिवस’ केले. एकक दिवस असले की मुदत दुसऱ्या रात्री ११.५९ ला संपते, म्हणजे दिवसभर ग्रंथ बाहेर राहिला तरी तो वेळेवरच आला असे प्रणाली मानते. मधल्या काळात तोच ग्रंथ मागणाऱ्याला पडद्यावर ‘आज परत येणार’ असे दिसते आणि तो सबंध दिवस थांबतो.

आता दंड. इथे दोन वेगळ्या सेटिंग्ज आहेत आणि आपल्या तंत्रज्ञांनी त्या एकच समजल्या. पहिली : परतीची तारीख सुट्टीवर आली तर ती पुढच्या कामाच्या दिवशी ढकलायची की नाही. दुसरी : दंडाचे दिवस मोजताना बंद दिवस वगळायचे की नाही. दोन्ही चालू हव्यात. आज पहिली चालू आणि दुसरी बंद आहे, त्यामुळे रविवारचा दंडही विद्यार्थ्याच्या माथी पडतो. कोहासारख्या मुक्त (खुल्या स्रोताच्या) ग्रंथालय प्रणालीतही या दोन्ही सोयी स्वतंत्रपणे निवडता येतात. तेव्हा हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे असे उत्तर कृपया देऊ नये.

सुट्ट्यांचे कॅलेंडर आमच्या हातून काढून घेतले, ही त्याहून गंभीर बाब. आता एक तारीख बदलायची तर आपल्याकडे मागणी नोंदवून वाट पाहावी लागते. मुंबईत हे चालत नाही. २०२४ मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी मुंबईत १६ सप्टेंबरवरून १८ सप्टेंबरला नेण्यात आली. कॅलेंडर त्या वेळी बदलले नाही, तर १६ तारीख उगाच सुट्टी धरली जाते आणि १८ तारखेला दार बंद असताना दंड चढतो. त्याच वर्षी २० मे आणि २० नोव्हेंबर हे मतदानाचे दिवस होते. पावसाळ्यात तर रेड अलर्टची सुट्टी आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी जाहीर होते. लोकल बंद असताना ग्रंथ परत का आणला नाही, असे विद्यार्थ्याला विचारणार कसे? कॅलेंडर ग्रंथपालाच्या हाती हवे, आणि मागच्या तारखेची सुट्टी नोंदवल्यावर त्या दिवसाचा चढलेला दंड आपोआप उतरायला हवा.

परतपेटीची सोयही गेली. ग्रंथालय बंद झाल्यावर पेटीत टाकलेले ग्रंथ सकाळी नोंदवताना ‘कालच्या तारखेने परत’ असा पर्याय काउंटरच्या कर्मचाऱ्यांना होता. आता तो फक्त प्रशासकाच्या खात्यात दिसतो. वेळेत ग्रंथ टाकलेल्याला एक दिवसाचा दंड लागतो आणि १० रुपयांची थकबाकी झाली की खाते अडते, पुढचा ग्रंथ मिळत नाही, ‘नो ड्यूज’ दाखला निघत नाही. रक्कम लहान आहे, पण दाखल्यावाचून अडलेल्या विद्यार्थ्याचे नुकसान लहान नसते.

ग्रंथांच्या जुन्या आवृत्त्यांविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल, कारण ही चूक ज्याला कायद्याचा व्यवहार ठाऊक नाही त्याच्याच हातून होईल. भारतीय न्याय संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून लागू झाली म्हणून आपल्या प्रणालीने भारतीय दंड संहिता, १८६० वरचे सगळे टीकाग्रंथ ‘कालबाह्य’ ठरवून वाचकांच्या तालिकेतून (ग्रंथसूचीतून) लपवले. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागू राहते, न्याय संहितेच्या कलम ३५८ मधली व्यावृत्ती (जुना कायदा कुठे चालू राहील ते सांगणारी तरतूद) तेच सांगते. असे खटले आणि अपिले पुढची कित्येक वर्षे चालतील. सार्वजनिक वाचनालयात जुनी आवृत्ती काढून नवी ठेवणे योग्य असते. विधी ग्रंथालयात ‘गुन्हा घडला त्या दिवशी कायदा काय होता’ हाच प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर जुन्या आवृत्तीतच मिळते. हे सर्व ग्रंथ आजच्या आज तालिकेत दिसू लागावेत.

डेटाबेसबद्दल. वाचनकक्षातल्या संगणकांवर तो कधी उघडतो, कधी ‘आपली संस्था सदस्य नाही’ असे सांगतो. आपल्या मदतकक्षाने वाचनकक्षातल्या संगणकाच्या पडद्याचे छायाचित्र मागवले आणि त्यावरचा १९२.१६८ ने सुरू होणारा आयपी पत्ता (संगणकाचा जाळ्यावरचा क्रमांक) परवानगीच्या यादीत घातला. हा खासगी पत्ता आहे. तो आवाराच्या बाहेर दिसतच नाही आणि देशभरात असंख्य घरांत, कार्यालयांत तोच वापरलेला असतो. यादीत हवा तो आमच्या फायरवॉलचा बाहेरून दिसणारा स्थिर पत्ता. तो करारासोबतच्या अर्जात पहिल्या दिवसापासून लिहिलेला आहे. दुसरे, आमच्या आवारात आयपीच्या आवृत्ती ४ आणि ६ दोन्ही चालतात. संगणकाला ६ उपलब्ध असेल तर तो सहसा तीच निवडतो, आणि आपल्या यादीत ६ चा एकही पत्ता नाही. एकाच रांगेतल्या दोन संगणकांपैकी एकावर डेटाबेस उघडतो आणि दुसऱ्यावर नाही, त्याचे कारण हेच. ब्राउझर बदला, कॅश पुसा, या सल्ल्याने ते सुटणार नाही.

घरून वाचताना वेगळीच अडचण. करारात एकाच वेळी ५ वाचकांची मर्यादा आहे आणि ती आम्हाला मान्य आहे. पण वाचकाने टॅब बंद केली तरी त्याची जागा ३० मिनिटे मोकळी होत नाही. संध्याकाळी सहानंतर पाचही जागा भरलेल्या दिसतात, प्रत्यक्षात वाचत असतात एक-दोन जण. ‘बाहेर पडा’ हे बटण ठळक दिसावे आणि १० मिनिटे हालचाल नसल्यास जागा सुटावी. आज सगळे वाचक एकाच सामाईक सांकेतिक शब्दाने आत जातात, तेही थांबायला हवे. इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या इन्फेड या प्रवेश व्यवस्थेत वाचक आपल्या संस्थेच्याच पानावर ओळख पटवतो आणि डेटाबेसकडे फक्त ‘हा अधिकृत सदस्य आहे’ अशी ग्वाही जाते. सामाईक शब्द फुटला की सर्वांचाच प्रवेश बंद करावा लागतो, इथे एकट्याचे खाते थांबवता येते. ही जोडणी करून द्यावी. करारानुसार आवारात येऊन वाचणाऱ्या बाहेरच्या वाचकांनाही डेटाबेस खुला आहे, नव्या आवृत्तीत त्यांना अडवले जाते.

निवाडा उतरवून घेताना पाच पानांची जी मर्यादा आता घातली आहे, तिला आमचा स्पष्ट विरोध आहे. न्यायालयाचा निवाडा पुन्हा छापणे हा स्वामित्वहक्काचा भंग नव्हे, न्यायालयाने मनाई केली असेल तेवढाच अपवाद. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्येच तशी तरतूद आहे. शीर्षटिपा आणि संपादकीय मजकूर आपले आहेत, ते राखून ठेवा. मूळ निवाडा मात्र पूर्ण मिळू द्या. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे २०२३ पासून ई-एससीआर या न्यायालयाच्याच संकेतस्थळ-सेवेवर विनामूल्य मिळतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या निवाड्यांसाठी आम्ही आपल्याला वर्गणी देतो, आणि नेमके तेच पाचव्या पानावर तुटतात. त्यातले बरेच नुसत्या प्रतिमा म्हणून चढवलेले आहेत, त्यामुळे दृष्टिबाधित विद्यार्थ्यांचे स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाहीत. आमच्या वाचनकक्षात असे विद्यार्थी रोज येतात. ही उणीव सर्वांत आधी दूर व्हावी अशी आमची कळकळीची मागणी आहे.

वाचकाने पूर्वी कोणते ग्रंथ नेले, याची यादी आता काउंटरच्या पडद्यावर उघडी दिसते. घटस्फोटावरचा किंवा फौजदारी बचावावरचा ग्रंथ कोणी नेला हे दुसऱ्या कुणाला कळण्याचे कारण नाही. ग्रंथ परत आला आणि दंड शिल्लक नसला की वाचकाचे नाव त्या नोंदीपासून तुटावे. पूर्वी तसेच होत असे.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी आवृत्ती चढवण्यापूर्वीच्या बॅकअपमधून नियमांचा तक्ता आणि ग्रंथप्रकारांची सांकेतिके काढावीत. प्रकार परत लावताना दाखल क्रमांकांची (ग्रंथालयात नोंदवताना प्रत्येक प्रतीला दिलेल्या क्रमांकांची) सोबतची यादी वापरावी, कपाट क्रमांक वापरू नयेत, कारण एकाच कपाटात संदर्भ आणि देवघेवीचे ग्रंथ मिसळून आहेत. हे चाचणी प्रतीवर करून आम्हाला दाखवावे. मग कॅलेंडर, आणि त्यानंतरच दंड. कॅलेंडर दुरुस्त होण्याआधी दंड पुसला तर रात्रीची आपोआप होणारी मोजणी तो पुन्हा चढवेल. रद्द केलेली रक्कम ‘भरणा’ म्हणून दाखवू नये, ‘चुकीची आकारणी रद्द’ अशा कारणासह दाखवावी. ज्यांनी पैसे भरून पावती घेतली आहे त्यांचा परतावा आम्ही व्हाउचरने करू, त्यासाठी पावती क्रमांकांसह यादी लागेल, नाहीतर लेखापरीक्षणात मेळ बसणार नाही.

तक्ता, कॅलेंडर आणि परवानगीची यादी ७ दिवसांत, बाकीचे ३० दिवसांत पूर्ण व्हावे. काम रविवारी करावे, सत्र परीक्षेच्या आठवड्यात नको. तोवर स्वयंदेवघेव यंत्र बंद ठेवून आम्ही देवघेव काउंटरवर हाताने नोंदवत आहोत, आणि या काळाची वर्गणी पुढच्या देयकातून वजा करावी. नियमांच्या तक्त्यात यापुढे ग्रंथपालांच्या लेखी संमतीशिवाय बदल होणार नाही, असे कलम करारात घालून सही केलेली प्रत पाठवावी.

आपले,
ग्रंथपाल व ग्रंथालय समिती
विधी ग्रंथालय, मुंबई

सोबत : मंजूर देवघेव नियमांची प्रत, संदर्भ, लॉ रिपोर्ट व रात्रीपुरते ग्रंथांची दाखल क्रमांकांनुसार यादी, चुकीच्या दंडाची तारीखवार यादी (वाचकांची नावे वगळून), मदतकक्षाने बंद केलेल्या तीन तक्रारींच्या प्रती.