काकू, त्या दोन गोळ्यांबद्दल

काकूंना सादर नमस्कार.

हे पत्र खाली येऊन तुमच्या हातात देता आलं असतं. पण तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘चहा टाकू का’ विचारून विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या बऱ्याच मराठी घरांत हे वाचलं जाईल आणि कोणाबद्दल आहे ते अर्ध्या तासात कळेल, त्याला माझा इलाज नाही. नाव मात्र मी लिहीत नाही.

आधी ज्यांनी मदत केली नाही त्यांचं आटपते. ते मनातून गेल्याशिवाय पुढचं धड लिहिता यायचं नाही. माझ्या नवऱ्याच्या मालनपूरच्या कारखान्यातल्या पाळ्या, माझं बँकेचं काउंटर, मुलगी शाळेत. ड्यूटी बदलताना एकाने दुसऱ्याला चार्ज द्यावा तसं आमचं बोलणं चालायचं. सिलिंडर लावलाय, फी भरायचीय, तिला खोकला आहे, निघतो मी. भांडण नव्हतंच. ज्यांना ज्यांना सांगायला गेले त्यांनी नेमकं तेवढंच धरलं, ‘भांडत नाही ना? मारत नाही, पीत नाही? मग हवंय काय तुला?’ माहेरचे म्हणाले जुळवून घे. सासरच्यांच्या मते दुसरं मूल झालं की सगळं ताळ्यावर येतं. एका मैत्रिणीने मोठ्या हॉटेलातल्या मेणबत्त्यांच्या जेवणाचं कूपन दिलं. आम्ही गेलो, समोरासमोर बसलो, सूप येईपर्यंत दूधवाल्याचा हिशेब उरकला आणि परत आलो.

एका समुपदेशकबाईंकडेही जाऊन आलो. त्यांनी फॉर्म दिला, नवऱ्याला एक ते दहापैकी गुण द्या म्हणाल्या, मग ‘एकमेकांना क्वालिटी टाइम द्या’ असं सांगून फी घेतली. त्या वेळात मुलीला कोणाकडे ठेवायचं, असं विचारलं तर म्हणाल्या, ते तुम्ही मॅनेज करा. अहो, सगळं घोडं तिथेच तर अडलं होतं!

तुमच्याकडे मी आले होते विरजण मागायला. वाटीत दही काढता काढता, माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, ‘वरून भांडणाचा आवाज येत नाही हल्ली. बरं नाही हे.’ काकू, घरात भांडण नाही हे लक्षण वाईट आहे, असं म्हणणारं मला तोवर कोणी भेटलं नव्हतं. मी काहीतरी हसण्यावारी नेलं असेल. तुम्ही मात्र वाटीवर झाकण ठेवून सांगून टाकलंत, ‘शनिवारी पोरीला खाली पाठव. पाढे घेते तिचे. आणि जेवणाच्या आत दोघांनी तोंड दाखवू नका.’

गणिताच्या बाई असल्यामुळे नियमही लगेच आलेच. दोघांनी मिळून ठरवायचं नाही, कारण मिळून ठरवायला बसलात की हिशेबाला बसाल. एका खेपेला त्याने ठरवायचं, पुढच्या खेपेला मी. ज्याची पाळी नाही त्याने कुठे जायचंय हे विचारायचं नाही. पायात काय घालू, एवढंच विचारायचं.

हा चपलेचा नियम मला तेव्हा गमतीचा वाटला होता. आता कळतं, खरी मेख त्यातच आहे. सकाळपासून सगळं मीच ठरवत असते, भाजी काय, डब्यात काय, कुठला गणवेश, कुणाच्या मुंजीला किती आहेर. एखाद्या संध्याकाळी दुसरं कोणी सांगतं, ‘सँडल नको, बूट घाल,’ आणि आपण मुकाट्याने बूट घालतो, यात किती सुख आहे हे अनुभवल्याशिवाय पटणार नाही. माझी पाळी असली की आठवडाभर काउंटरवर नोटा मोजता मोजता मी याचा विचार करते. याला काय बघायला आवडेल, काय खायला आवडेल. नवऱ्याचा असा विचार मी लग्नाआधी करायचे.

‘शाल घे, मोजे घाल,’ असं सांगून एका डिसेंबरात मी याला हजीऱ्याला नेलं, तानसेन समारोहाला. १९२४ पासून चालत आलेला उत्सव, २०२४ मध्ये त्याचा शंभरावा झाला. त्याच्या आदल्या वर्षी युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान दिला, तेव्हा आम्ही दोघांनीही तो मेसेज सगळ्यांना पुढे ढकलला होता. कधी मांडी घालून एक राग मात्र ऐकला नव्हता. तिकीट नाही, काही नाही. गारठ्यात एका शालीत बसलो. तानसेनच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात, म्हणून तो खाऊन याने परतीच्या टेंपोत गाऊन दाखवलं. पाल्यावरचा माझा विश्वास तिथेच उडाला.

पैसे संपत आलेल्या महिनाअखेरीस मी याला नुसता बाड्यावर, म्हणजे लष्करातल्या मोठ्या चौकात, उभा केला आणि सभोवतालच्या इमारतींपैकी कुठली कोणत्या देशाच्या धाटणीची ते ओळखायला लावलं. हरेल त्याने कचोरी द्यायची. गजक कुटतात ते बघायलाही गेलो. गुळाचा पाक खुंटीवर टाकून ओढतात, पुन्हा टाकतात, पुन्हा ओढतात, तांबूस होता तो पांढुरका होईतो. मग त्यात तीळ, आणि लाकडी मोगऱ्यांनी दणादण कुटणं. आम्ही दोघं तोंड उघडं टाकून बघत होतो.

याने मध्यंतरी कुठूनसं वाचून सांगितलं की आर्थर एरन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने जोडप्यांचे एका बाजूचे हातपाय एकत्र बांधून, दोघांच्या मध्ये उशी धरून त्यांना रांगायला लावलं होतं. हात न लावता उशी पलीकडे न्यायची. २००० साली तो अभ्यास छापून आला. असलं काही नवीन, धांदलीचं बरोबर केलेल्या जोडप्यांना एकमेकांबद्दल जास्त बरं वाटू लागलं, असं त्यात निघालं. आम्हाला उशी लागली नाही. किल्ल्याचा चढ पुरला.

तो चढ म्हणजे याची पाळी, आणि त्याला भरीला घालणाऱ्या तुम्ही. गूजरी महालाच्या बाजूने पायी वर जायचं, वाटेत कातळात कोरलेलं छोटंसं चतुर्भुज मंदिर. मला वाटलं देवदर्शन. याने मोबाइलचा टॉर्च भिंतीवरच्या लेखावर धरला आणि म्हणाला, शोध. बरंच शोधल्यावर सापडलं, २७० या आकड्यातलं शून्य. बारीकसं वर्तुळ, बाकीच्या आकड्यांपेक्षा लहान. इसवी सन ८७६ चा लेख. देवासाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद बाग दिली, तिथून रोज ५० माळा देवाला यायच्या, असं त्यात लिहिलंय. ‘तुझ्या शहरातल्या कोणीतरी साडेअकराशे वर्षांपूर्वी रोजच्या फुलांची सोय दगडात कोरून ठेवली,’ हा म्हणाला. हे वाक्य त्याचं स्वतःचं की तुम्ही पढवलेलं, ते मी अजून विचारलेलं नाही. खाली आल्यावर त्याने एक गजरा घेतला. पन्नास परवडणार नाहीत म्हणाला.

नंतर मी ऑफिसात ‘जगातलं पहिलं शून्य आमच्या ग्वाल्हेरात’ असं मिरवत होते, तर तुम्ही मला जिन्यातच अडवून कान उपटलेत. कंबोडियात ६८३ सालचं शून्य सापडलंय, आपलं आहे त्यापेक्षा मोठं करून सांगू नये. इतक्या तुम्ही खऱ्याच्या बाई! म्हणूनच त्या गजऱ्याच्या संध्याकाळी तुम्ही जे केलंत ते मला इतकं लागलं.

आम्ही किल्ल्यावर असताना झाशीहून याच्या आत्याबाई न कळवता आल्या. दाराला कुलूप. पोर खाली तुमच्याकडे. आत्याबाईंना काय वाटलं असेल ते मी पुरतं जाणून आहे, कारण असल्या ‘थेरां’वर त्यांचं भाषण मी आधी ऐकलेलं होतं. तुम्ही त्यांना आत घेतलंत, पोहे खायला घातलेत आणि सांगितलंत, ‘मीच पाठवलंय दोघांना. माझं औषध लांबच्या एकाच दुकानात मिळतं.’

यातलं आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही फाटकातून आलो ते हसत, बूट धुळीने माखलेले, माझ्या केसांत गजरा. दारात तुम्ही. ‘आलात?’ म्हणत तुम्ही माझा हात धरलात, जणू जिन्यावर तोल जात होता, आणि माझ्या मुठीत काहीतरी कोंबलंत. गोळ्यांची पट्टी. तुमचीच, रक्तदाबाची. कात्रीने कडा कापलेली, वर रबरबँड, आत दोनच गोळ्या उरलेल्या. मग चार पावलं मागे सरून, आत्याबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलंत, ‘मिळालं गं औषध?’

मी मूठ उघडली आणि तुमचं औषध तुम्हाला दिलं.

आत्याबाईंची नजर गजऱ्यावर. ‘औषधाच्या दुकानात गजरेही मिळतात वाटतं.’ तुम्ही पट्टी डब्यात ठेवत म्हणालात, ‘इथे बाड्यावर सगळं मिळतं.’

काकू, त्यानंतर मी वर जाऊन मोरीत नळ सोडून रडले. त्यात दुःख नव्हतं, भीती तर मुळीच नव्हती. माझ्या वतीने कोणी खोटं बोलेल, तेही सत्तरी ओलांडलेली, वर्गात अर्धा गुण फुकट न देणारी बाई, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. लोकांनी मला सल्ले दिले, कूपनं दिली, फॉर्म दिले. माझ्या सुखासाठी स्वतःचं नाव खराब करून घ्यायला कोणी तयार झालं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत, कुठे गेला होतात, मजा आली का, किती खर्च झाला. विरजणाची वाटी तेवढी परत मागितलीत.

माझी आजी लष्करातल्या गोठींमधल्या, म्हणजे जुन्या मराठी वस्त्यांमधल्या, वाड्यांचं सांगायची. पोरं दुपारी कोणाकडे जेवली ते रात्री कळायचं. मला ते खोटं वाटायचं, म्हातारी माणसं मागचं सगळं सोन्याचं करतात तसं. वाड्यांतल्या चोंबडेपणाबद्दलही तीच आजी सांगायची म्हणा. पण मदत करायची आणि चौकशी करायची नाही, अशी माणसं तेव्हा होती यावर आता माझा विश्वास बसलाय, कारण एक माझ्या खालीच राहते. शहाणपण सांगणाऱ्यांची या शहरात वाण नाही. संध्याकाळी चार तास दुसऱ्याचं पोर सांभाळून, त्याचं लिंबू सरबत सांडलेलं पुसून, वर तोंड बंद ठेवणारे कितीसे आहेत? समाजाच्या कार्यक्रमांत शाल-श्रीफळ देताना जरा अशांकडेही बघा, असं मी इथे जाहीरच सांगते. काकू रागावतील, रागावू देत.

तुमच्या विद्यार्थिनीची प्रगती तुम्हाला ठाऊक आहेच. पावकी-निमकी झाली, आता सवायकी चाललीय. मागे तिच्या शाळेत बाईंनी ‘पाढे कोणी शिकवले’ विचारलं, तर हिने सांगितलं, ‘आईबाबा फिरायला जातात तेव्हा शिकते.’ बाई माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले. वर्षभरापूर्वी मी शरमेने मेले असते.

आणि हो, वरून भांडणाचा आवाज येऊ लागलाय ना? परवाचं कडाक्याचं होतं. मागच्या खेपेची कचोरी नक्की कोण हरलं यावरून.

आता कामाचं. आत्याबाई संक्रांतीला पुन्हा येतायत, या वेळी कळवून. त्याच शनिवारी माझी पाळी आहे आणि मी ती सोडणार नाही. तेव्हा पट्टी जरा भरलेली द्या. मागच्या वेळी त्यांनी मोजल्या होत्या, आणि एवढ्या लांब जाऊन दोघांनी दोनच गोळ्या कशा आणल्या, हे त्या अजून झाशीला सगळ्यांना विचारतात.

तुमची,
वरच्या मजल्यावरची